बँकॉकची जुन्या वस्त्यांची वॉकिंग टूर: ते फरंग, आपण खॅक

आधीच सांगते, ज्यांना बँकॉक म्हणजे सफारी वर्ल्ड, क्रूझवरचा इंडियन बुफे आणि परत निघताना एमबीके मॉलमधून बॅगा एवढंच हवंय त्यांनी हे वाचायचे कष्ट घेऊ नका, ही टूर तुमच्यासाठी नाही. अर्ध्या दिवसाची पायी टूर आहे. सकाळी साडेआठला सनाम चाय मेट्रो स्टेशनला भेटायचं, मग वात फो (वात म्हणजे देऊळ), पाक ख्लोंग तलातचा फुलबाजार, फाहुरात, सम्फेंगची गल्ली आणि शेवटी नदीपलीकडे कुदी चीन, दीड-दोनपर्यंत सुट्टी. माणशी १८०० बाट घेतात, म्हणजे आपले पाच हजाराच्या आसपास, वात फोचं तिकीट वेगळं. विषय काय, तर थाई लोक बाहेरून आलेल्यांना काय काय नावं ठेवत आले आणि त्या माणसांनी या शहरात कुठे कुठे संसार थाटले. कंपनीचं नाव देत नाहीये कारण खाली थोडं वाईट पण लिहिणारे आणि उगाच गाइडताईंच्या पोटावर पाय नको.

आम्ही तिघं गेलो, मी, नवरा आणि ठाण्याहून आलेल्या सासूबाई. ग्रुप आठ जणांचा असतो म्हणे पण आमच्यात एक डच जोडपं आणि बँकॉकशेजारच्या नोंथाबुरीला शाळेत इंग्रजी शिकवणारा एक कृष्णवर्णीय अमेरिकन एवढेच होते, त्यामुळे प्रश्न विचारायला भरपूर वाव मिळाला. गाइडताई पन्नाशीच्या, पक्क्या बँकॉकच्या, इंग्रजी स्वच्छ, आवाज असा खणखणीत की माइक नुसता शोभेला. त्यांनी सुरवातीलाच सांगितलं मला 'पी' म्हणा, पी म्हणजे ताई किंवा दादा, थाई लोक भाजीवालीला पण नातं लावल्याशिवाय हाक मारत नाहीत, हे आपल्याला काही नवीन नाही. सासूबाई मात्र अख्खी सकाळ त्यांना 'ती चिनी बाई' म्हणत होत्या, मी कितीही कोपर मारलं तरी. आणि गंमत म्हणजे सम्फेंगला पोचल्यावर ताईंनी स्वतःच सांगितलं की त्यांचे पणजोबा चीनमधून आलेले, तेओचू ही चिनी बोली बोलणारे, हातात एक ट्रंक घेऊन. त्यानंतर आईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, नवरा दहा मिनिटं हसत होता.

तर स्टेशनबाहेर उभ्या उभ्याच ताई पिशवीतून एक पेरू काढतात. याला थाईमध्ये काय म्हणतात? फरंग. आणि गोऱ्या माणसाला काय म्हणतात? तेही फरंगच. डच बाईने तो पेरू हातात घेतला आणि ताईंनी तिथला नेहमीचा जोक टाकला, फरंग फरंग खातोय. हा शब्द फारसी-मुसलमान व्यापाऱ्यांच्या तोंडून तिकडे गेला, मूळ आपल्या फिरंगीचंच, त्यामुळे मराठी माणसाला इथे जो आनंद होतो तो बाकी ग्रुपला होत नाही. आपल्याकडे पण जुन्या कागदांत फिरंगी म्हणजे खास पोर्तुगीज, बाकीचे इंग्रज, फरासीस, वलंदेज म्हणजे डच वेगळे, सगळे मिळून टोपीकर, आणि चाकण लढवणाऱ्या किल्लेदाराचं तर नावच फिरंगोजी. मी ताईंना वलंदेज सांगितलं तर त्या म्हणाल्या आमच्याकडे अयुथ्या राजधानी होती त्या काळात डचांना विलंदा म्हणायचे. डच जोडप्याला आम्ही दोघी एवढ्या का खूश झालो ते काही कळलं नाही.

मग फरंगची यादीच सुरू होते. बटाटा म्हणजे मन फरंग, फरंगचा कंद. च्युइंगगम म्हणजे माक फरंग, म्हणजे फरंगची सुपारी, हे मला फारच आवडलं. जी वस्तू बाहेरून आली तिला आणणाऱ्याचं नाव चिकटवून मोकळं व्हायचं. आपण जिला विलायती चिंच म्हणतो तिला ते मखाम थेत म्हणतात, मखाम म्हणजे चिंच आणि थेत म्हणजे आपला संस्कृतातला देश, पण तिकडे परदेश या अर्थाने. टोमॅटो पण तसाच, परदेशी वांगं. सासूबाईंना इथे पहिल्यांदा टूरमध्ये रस आला, कारण विलायती चिंचांवर त्यांच्याकडे स्वतःचं बरंच मटेरियल आहे.

फरंग ही शिवी आहे का, असं डच नवऱ्याने विचारलं. ताई म्हणाल्या नाही, नुसतं फरंग म्हटलं तर काही नाही, गोरा एवढंच. पण पुढे 'आय' लागला की वाईट, आणि मळक्या कपड्यात फुकट राहायच्या जागा शोधत फिरणाऱ्याला म्हणतात फरंग खी नोक, म्हणजे पक्ष्याच्या शिटेतला फरंग, ती एक छोट्या गावठी पेरूची जात पण आहे, म्हणजे जोक डबल. मान पण फरंगलाच आणि चेष्टा पण त्याचीच. २०२० मध्ये कोविडच्या सुरवातीला तेव्हाचे आरोग्यमंत्री अनुतिन चार्नविराकुल स्टेशनवर मास्क वाटत होते, काही गोऱ्यांनी घेतला नाही तर कॅमेऱ्यासमोरच या फरंगांना हाकलून द्या असं बोलून बसले, मग माफी मागितली. तेच पुढे २०२५ मध्ये पंतप्रधान झाले. ताईंनी हे सांगितलं नाही, हे मी माझ्याकडून घालतेय.

वात फोला परदेशींना ३०० बाट आणि थाई लोकांना फुकट. इथे फरंग-बिरंग काही नाही, दोनच जाती, थाई आणि तांग चात. तांग म्हणजे वेगळा आणि चात म्हणजे आपला जातीच, आता बोला. बाकी लोक इथे झोपलेल्या बुद्धाचे पाय बघून फोटो काढून बाहेर पडतात, ही टूर तुम्हाला बुद्ध पण दाखवते पण खरा वेळ घालवते ती आवारातल्या छोट्या मंडपांवर. तिसरा राम नावाच्या राजाच्या काळात, म्हणजे १८३० च्या दशकात, या देवळाची मोठी डागडुजी झाली तेव्हा राजाने आवारभर शिळा बसवल्या, औषधं, मालिश, काव्य, जे काही ज्ञान होतं ते सगळं. युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्डच्या यादीत त्या २०११ मध्ये आल्या. त्यातच एक भाग आहे 'वेगळ्या भाषेच्या माणसां'चा, ३२ प्रकारची माणसं, प्रत्येकाचा एक पुतळा आणि त्यावर कविता, कसे कपडे घालतो, केस कसे, कुठे राहतो. पुतळे बहुतेक गेले, कविता राहिल्या. अरब, तुर्क, पठाण, रशियन, तार्तार, जपानी, कोरियन, र्‍युक्यू बेटवाले, आफ्रिकन, ब्रह्मी, मोन, ख्मेर, आणि आपल्याकडचे तर वेगवेगळे, हिंदू वेगळा, ब्राह्मण वेगळा, त्यात रामेश्वरमचा ब्राह्मण आणखी वेगळा! नवरा म्हणाला रामेश्वरमपर्यंत गेले तर पुढे पुण्याला यायला काय झालं होतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे त्या ३२ मध्ये सयामी माणूस पण आहे. स्वतःलाही त्याच रांगेत उभं केलंय. असं करणारी माणसं फार कमी, आपण याद्या करतो तेव्हा आपण यादीच्या बाहेर उभे असतो.

इथे ताईंचं बोलणं खरंच ऐकण्यासारखं आहे. त्या म्हणाल्या राजाला हे सगळं माहीत असणं हाच रुबाब होता, माझ्या बंदरात बत्तीस प्रकारची माणसं येतात, असं. देवळाच्या दारांवर जे दगडी पहारेकरी आहेत ना उंच हॅट आणि कुरळ्या दाढीवाले, ते जरूर जवळून बघा. हॅट युरोपची, डोळे आणि मिशा मात्र चिनी, कारण ते चीनमध्ये घडवले आणि जहाजाचं वजन सांभाळायला तळाशी टाकून आणले, फरंग कसा दिसतो हे घडवणाऱ्याने बहुतेक ऐकूनच केलेलं.

फुलबाजारातून आम्ही भराभर गेलो, त्याबद्दल शेवटी.

फाहुरात हा आपल्या लोकांसाठी टूरचा मुख्य भाग. राजा चुलालोंगकोर्नची एक मुलगी लहानपणी वारली, तिच्या नावाने हा रस्ता केला. त्याआधी इथे व्हिएतनामी लोकांची वस्ती होती, ती १८९८ मध्ये जळाली, मग आले पंजाबी कापडवाले. आता पांढरा गुरुद्वारा, वर सोनेरी घुमट, खाली लंगर, गल्लीत साड्या, लेस, बिंदी, समोसे, आणि हल्दीरामची भुजिया ठाण्यापेक्षा तिप्पट भावात. सासूबाईंनी इथे थेट विचारलं, मराठीतच, "त्यांना फरंग म्हणता, मग आम्हाला काय म्हणता गं?" मी भाषांतर केलं. ताई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, खॅक.

खॅकचा साधा अर्थ पाहुणा. लग्नाला आलेला पण खॅक, घरी चहाला आलेला पण खॅक. आणि मग भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी, अरब, इराणी, मलय हे सगळे पण खॅक. पश्चिमेकडून किंवा दक्षिणेकडून समुद्राने आला, रंगाने सावळा किंवा दाढीवाला किंवा मुसलमान, की खॅक. मग आत उपप्रकार, पगडीवाला खॅक म्हणजे शीख, रात्रीचा पहारेकरी खॅक याम, कारण उत्तर प्रदेशातून आलेले भय्ये इथे वॉचमन होते, शेंगदाणे विकायचे, मच्छरदाण्या विकायचे, दूध घालायचे. रोटीची गाडी लावणारा मुसलमान असेल तर त्याला बंग म्हणतात, ते मलय भाषेतल्या भावावरून आलं. दुकानदार पंजाबी असेल तर त्याला आदराने नाय हांग, म्हणजे शेठ. म्हणजे बघा, एकच माणूस गल्ल्यावर बसला की शेठ आणि दाराशी काठी घेऊन उभा राहिला की खॅक याम. कातडीचा रंग एकच, फरक धंद्याचा. हा मुद्दा ताईंनी फार छान उलगडला आणि पैसे वसूल झाले ते इथेच.

मी विचारलं, वाईट वाटून घ्यायचं का? त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं. सत्तरीची आजीबाई खॅक म्हणाली तर तिला दुसरा शब्दच माहीत नाही, राग धरू नका. ऑफिसात, टीव्हीवर, सरकारी माणसं आता 'खोन इंदिया' म्हणतात, भारतीय माणूस, तेच सभ्य. पण त्या शब्दाला वास चिकटलेलाय, अक्षरशः वास, खॅक म्हणजे घामाचा वास, घासाघीस, चिक्कूपणा असं डोक्यात असतं लोकांच्या. साप आणि खॅक एकदम दिसले तर आधी खॅकला हाण, अशी एक म्हण आहे तिकडे, ती मी काढली तर ताई लाजल्या आणि म्हणाल्या आता तरुण मुलं नाही म्हणत. मी सासूबाईंना हे भाषांतर करून सांगितलं नाही, दुपारचं जेवण अजून बाकी होतं. तसं बघायला गेलं तर आपण कुठे धुतल्या तांदळाचे, ईशान्येकडची पोरं आपल्याला सगळी चिंकी, दक्षिणेकडचे सगळे मद्रासी, आफ्रिकन विद्यार्थी दिसला की हबशी, आणि भय्या तर आपण नातं म्हणून म्हणतच नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली ती मला महत्त्वाची वाटली. दक्षिणेला पत्तानीकडचे मलय मुसलमान, जे पिढ्यानपिढ्या तिथेच आहेत, त्यांनाही लोक खॅक म्हणतात आणि त्यांना ते अजिबात आवडत नाही, का आवडावं, स्वतःच्या गावात पाहुणे? तसंच ईशान्येकडच्या इसानवाल्यांना चिडवायला 'लाओ' म्हणतात, पासपोर्ट थाईच असतो.

फाहुरातच्या दुकानांत गणपती बघा, जरूर बघा. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं थाई, हात जोडून मूर्ती निवडतायत. गणपतीला ते फ्रा फिकनेत म्हणतात, फ्रा म्हणजे श्री-देव असं आदराचं, आणि त्यांचे ग्रुपच्या ग्रुप सिद्धिविनायकाला आणि दगडूशेठला येतात हे मुंबई-पुण्याच्या लोकांनी पाहिलंच असेल. बँकॉकच्याच सिलोम भागात तमिळ लोकांचं मारिअम्मनचं देऊळ आहे, नवरात्रात तिथे थाई भक्तांची तोबा गर्दी, पण त्या देवळाचं चालू नाव काय, तर वात खॅक. देवाला फ्रा, देवळाला आणि माणसाला खॅक. नवऱ्याचं म्हणणं, पाहुणचार सगळा बाप्पाचा होतो, आपल्याला नुसतं पाहुणे म्हणतात. व्हिसा माफ झाल्यापासून, म्हणजे २०२३ च्या नोव्हेंबरपासून, आपलं पब्लिक लोंढ्याने येतंय, २०२४ मध्ये वीस लाखांच्या वर भारतीय आले, त्यात जे हॉटेलच्या पूलमध्ये कपड्यांसकट उतरतात त्यांनी खॅक शब्दाला आणखी दहा वर्षांचं आयुष्य दिलेलं आहे.

सम्फेंग थोडक्यात उरकते कारण तिथे गर्दीत ऐकूच येत नाही, गल्ली इतकी अरुंद की हातगाडी आली की सगळे भिंतीला चिकटतात, कंपनीने इथे कानात घालायचे रिसिव्हर द्यायला हवेत. १७८२ मध्ये राजवाड्यासाठी जागा हवी म्हणून चिनी लोकांना तिथून उठवून इकडे बसवलं. चिन्यांना जीन म्हणणं ठीक, जेक म्हणणं म्हणजे तुच्छ. मला जे माहीत नव्हतं ते असं की जुन्या काळी चिनी पुरुषाकडून दर तीन वर्षांनी डोईपट्टी घ्यायचे आणि भरली की मनगटाला दोरा बांधून त्यावर लाखेचा शिक्का मारायचे, तो दोरा म्हणजे पावती, रस्त्यात शिपायाने अडवलं की मनगट दाखवायचं. त्याच चिन्यांची नातवंडं-पतवंडं आज बँका, मॉल, मंत्रिमंडळ सगळीकडे आहेत, थाई आडनावं लावून, आणि 'लूक जीन' म्हणजे चिन्याचं पोर असं आता कौतुकाने सांगतात. ताईंच्या पणजोबांच्या मनगटाला पण तो दोरा असेल का असं मी विचारलं तर म्हणाल्या ते आले तेव्हा ती पद्धत बंद झाली होती, घरात फक्त ट्रंक आहे.

मग मेमोरियल ब्रिजच्या शेजारच्या स्काय पार्कवरून नदी ओलांडायची. २०२० मध्ये उघडलाय, पुलाच्या मधोमध बाग केलीये, ऊन असेल तर टोपी घाला कारण सावली शून्य. पलीकडे कुदी चीन. पोर्तुगीजांनी १५१० ला गोवा घेतलं, १५११ ला मलाक्का, आणि त्याच वर्षी आफोन्सो द आल्बुकर्कने अयुथ्याला वकील पाठवला, तेव्हापासून पोर्तुगीज इथे. १७६७ ला ब्रह्मी लोकांनी अयुथ्या जाळल्यावर ताकसिन राजाने आपल्याबरोबर लढलेल्या या फरंगांच्या पोरांना नदीकाठी जागा दिली. सांता क्रूझ चर्च तिथेच, आत्ताची इमारत १९१६ ची. गल्ल्या एवढ्या निमुळत्या आणि नीटनेटक्या की सासूबाईंना वसई आठवली, दारावर क्रूस, कुंडीत तुळस-बिळस नाही पण जास्वंद होती. माणसं दिसायला पूर्ण थाई. तरी त्यांच्या केकचं नाव खानोम फरंग, म्हणजे फरंगची मिठाई.

हा केक बनताना बघणं हा टूरचा सगळ्यात चांगला पाऊण तास. बदकाची अंडी, साखर, मैदा, बस, बेकिंग पावडर नाही, सगळा फुगवटा फेटण्यातून. छोट्या साच्यात घालतात, वर मनुका आणि कोहळ्याचा पेठा, मग खाली निखारे आणि वरच्या पत्र्यावर पण निखारे. वरून कडक, साखर दाताखाली कुरकुरते, आत कोरडा, चहाशिवाय घशाखाली उतरत नाही. हाताने करणारी घरं आता थोडीच उरलीयेत. म्हणजे तिथे फरंग उरला तो केकमध्येच.

केक खाताना त्या अमेरिकन मास्तरांनी तोंड उघडलं, तोपर्यंत ते शांत होते. त्यांचा प्रश्न साधा होता, मी कोण? वर्गातली पोरं त्यांना आफ्रिका म्हणतात, शिकागो सांगितलं तरी आधी कुठून आलास असं विचारतात. शाळेच्या जाहिरातीत फोटो मागतात, गोरा नसलेल्याला मुलाखतीचा फोन येत नाही, आणि त्यांच्याच शाळेतले फिलिपिनो शिक्षक तेच तास त्यांच्यापेक्षा कमी पगारात घेतात. ताई म्हणाल्या 'खोन दाम' म्हणजे काळा माणूस, सभ्यपणे बोलायचं तर 'खोन फिव सी', पण फरंग म्हणायचं का याचं उत्तर त्यांनाही देता येईना, कधी म्हणतात, कधी नाही. मास्तर म्हणाले, "पैसे देताना मी फरंग असतो, नोकरी मागताना नसतो." डच जोडपं एकदम केकमध्ये बघायला लागलं. 'लूक ख्रुंग' म्हणजे अर्धं पोर, थाई-परदेशी मिश्र, ती मुलं मालिकांत आणि जाहिरातींत हिरो-हिरॉइन असतात, पण कुठल्या परदेशी बापाची, हे तिथे बघितलं जातं, ते पण मास्तरांनीच सांगितलं आणि ताईंनी मान डोलावली.

आता तक्रार. पाक ख्लोंग तलातला झेंडूच्या गोण्या पाठीवर घेऊन पळणारा एक पोरगा आमच्या अंगावरूनच गेला, गालाला थानाकाचा, म्हणजे झाडाच्या सालीच्या उटण्याचा, पिवळट लेप, वीस-बावीसचा असेल. आईंनी विचारलं, "हा कुठला गं?" ताई म्हणाल्या म्यानमार, आणि गाइडचा झेंडा धरलेला हात वर करून पुढे. बस. बाहेरच्यांना काय म्हणतात यावर पाच तासांची टूर आणि बँकॉकमधला आजचा सगळ्यात मोठा बाहेरचा माणूस एका शब्दात संपला. त्याच्यासाठी पण शब्द आहे ना, तांग दाव, परका. बांधकामावर, मासळीत, हॉटेलच्या भांडीघरात, फुलबाजारात जे ब्रह्मी, ख्मेर, लाओ कामगार आहेत त्यांना टीव्हीवर, पोलीस, घरमालक सगळे तांग दाव म्हणतात. आणि खरं सांगायचं तर कायद्याच्या कागदात आपण सगळेच तांग दाव आहोत, नवऱ्याच्या वर्क परमिटवर तेच छापलंय, त्याच्या ऑफिसातल्या इंग्रज बॉसच्या पण. पण त्या बॉसला कोणी तांग दाव म्हणून हाक मारेल का? तो एक्सपॅट. आमचा नवरा खॅक. झेंडूवाला पोरगा तांग दाव. कागद एकच, हाका तीन.

मी कुदी चीनला हे विचारलंच. २०२० च्या डिसेंबरात बँकॉकजवळच्या महाचायच्या कोळंबी मार्केटमधून कोविड पसरला तेव्हा सगळा राग ब्रह्मी कामगारांवर निघाला होता, २०२५ मध्ये कंबोडियाच्या सरहद्दीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा कंबोडियन कामगार बोजाबिस्तरा घेऊन परत गेले, हे टूरमध्ये का नाही? ताई म्हणाल्या, ते राजकारण, आम्ही इतिहास दाखवतो. मला त्यांचा राग नाही आला. थायलंडमध्ये टूर गाइडचं काम कायद्याने फक्त थाई माणसालाच करता येतं, परक्यांवरची टूरसुद्धा परका माणूस घेऊ शकत नाही, आणि लायसन्स जाईल असं बोलायला कोण धजेल. पण कंपनीने निदान फुलबाजारात दहा मिनिटं थांबायला काय हरकत आहे? मनगटावरच्या दोऱ्याची गोष्ट रंगवून सांगता आणि आज त्या पोराच्या खिशात जे गुलाबी कार्ड, म्हणजे परक्या कामगाराचं सरकारी ओळखपत्र, असतं त्यावर गप्प, हे बरोबर वाटत नाही. फीडबॅक फॉर्ममध्ये हे सगळं लिहिलं, उत्तर आलं आभारी आहोत, सोबत पुढच्या बुकिंगवर दहा टक्क्यांचं कूपन.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. वात फो आणि फाहुरातला पाच, कुदी चीनला पाच, सम्फेंगला दोन, फुलबाजाराला शून्य, तुम्हीच सरासरी काढा. ताईंना टिप द्या, त्या खरंच मेहनत घेतात, पाणी आणि गार टॉवेल कंपनीचा असतो. जायचंच असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत जा, एप्रिलमध्ये स्काय पार्कवर माणूस भाजून निघेल. देवळासाठी खांदे-गुडघे झाकलेले कपडे, गुरुद्वाऱ्यासाठी रुमाल, बूट काढ-घाल खूप आहे म्हणून सँडल बरे. गुडघेदुखीवाल्यांनी सम्फेंगनंतर टुकटुक मागावी, मागितली तर देतात, स्वतःहून सांगत नाहीत. लंगरमध्ये जेवायचं असेल तर आधीच बोलून ठेवा नाहीतर नुसतं दाखवून बाहेर काढतात. आणि तो खानोम फरंग पूर्ण अंड्याचाच आहे, ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी पाकिटावरच्या मनुकांना भुलू नका, सासूबाईंनी त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणींसाठी दोन डबे घेतले आणि त्यातल्या निम्म्या बायका चातुर्मास पाळतात.